पाइपवायर: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू आहे, मागे गाणी लागली आहेत आणि तेवढ्यात मीटिंगची रिंग वाजली, तर तिन्ही आवाज ऐकू यावेत, एवढी साधी अपेक्षा. लिनक्सवर सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करून साउंड कार्डाकडे पोचवणारा साउंड सर्व्हर, पाइपवायर, ती पूर्ण करतो. जिथे होत नाही तिथे बहुतेक वेळा कुठला तरी प्रोग्राम त्याला वळसा घालून थेट साउंड कार्डवर ठाण मांडून बसलेला असतो.

जुन्या साउंड ब्लास्टर लाइव्हसारख्या कार्डांत मिक्सिंग, म्हणजे अनेक आवाज एकत्र करणं, हार्डवेअरमध्येच व्हायचं. आजच्या मदरबोर्डवरच्या चिपांत ती सोय नसते, त्यामुळे अल्साचं (लिनक्समधला साउंड कार्डाशी बोलणारा थर) थेट कार्डाचं ‘एचडब्ल्यू’ उपकरण एकाने उघडलं की दुसऱ्याच्या हाती ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ एवढंच येतं. अल्साचं डीमिक्स, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं मिक्सिंग, एका साध्या मशीनपुरतं आजही चालून जातं, पण चालू गाणं स्पीकरवरून हेडफोनवर हलवणं किंवा प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा ठेवून तो लक्षात ठेवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. पाइपवायरच्या आधीच्या पल्सऑडिओ या साउंड सर्व्हरने ते दिलं. विम टायमन्स यांच्या पाइपवायरने त्याच छताखाली जॅक या रेकॉर्डिंगसाठीच्या साउंड सर्व्हरचे प्रोग्रामही आणले. फेडोरा या लिनक्स डिस्ट्रोने २०२१ मध्ये, आवृत्ती ३४ पासून, तो मुळातच लावून दिला.

इन्स्टॉल करताना पाइपवायर, वायरप्लंबर (कोणता आवाज कुठे जावा ते ठरवणारा) आणि पाइपवायर-पल्स (पल्सऑडिओच्या प्रोग्रामना जोडणारं) ही तीन पॅकेजेस सगळे टाकतात. अल्साशी बोलणाऱ्या प्रोग्रामना पाइपवायरकडे वळवणारं पाइपवायर-अल्सा मात्र हमखास राहून जातं. जुनी पल्सऑडिओ सर्व्हिस आणि तिचं सॉकेट (प्रोग्राम जिथून सर्व्हरला जोडले जातात ते), दोन्ही ‘सिस्टमसीटीएल’ला यूजर पर्याय देऊन मास्क करावीत, म्हणजे ती सुरूच होणार नाहीत; सूडो, म्हणजे रूटचे अधिकार, न लावता. नाहीतर दोन सर्व्हर एकाच कार्डासाठी भांडत राहतात. मग ‘पीएसीटीएल इन्फो’ चालवून सर्व्हर नेमच्या ओळीत ‘ऑन पाइपवायर’ आलंय ना ते बघा.

पाइपवायर-अल्सा नसेल तर होणारा घोळ फसवा असतो, कारण तो कधी होतो, कधी होत नाही. पाच सेकंद काही वाजलं नाही की वायरप्लंबर कार्ड सोडून देतो. नेमक्या त्या फटीत एखादा जुना प्रोग्राम थेट अल्सातून कार्ड पकडतो आणि नंतर ब्राउझरचा व्हिडिओ मुका होतो किंवा पहिल्याच फ्रेमवर अडकतो. उलट ब्राउझर आधीपासून वाजत असेल तर जुना प्रोग्राम बिझीची एरर देऊन बंद. होम फोल्डरमध्ये कधीकाळी बनवलेली डॉट-एसाउंडआरसी फाइल पडून असेल आणि तिच्यात थेट एचडब्ल्यूचं नाव असेल, तरी हेच.

अशा वेळी सेटिंग्ज चाळत बसू नका. कोणती फाइल कोणी उघडली आहे ते सांगणाऱ्या ‘फ्यूजर’ला व्ही पर्याय देऊन डेव्ह-एसएनडी फोल्डरमधल्या सगळ्या फायलींवर चालवा. जिच्या नावाची सुरुवात ‘पीसीएम’ने आणि शेवट ‘पी’ने होतो, ती प्लेबॅकची फाइल. तिच्यासमोर पाइपवायरखेरीज दुसरं कुणाचं नाव दिसलं, की चोर सापडला. सूडोने चालवलेला प्रोग्राम इथे बरेचदा निघतो: त्याला तुमच्या सेशनचं सॉकेट मिळत नाही आणि तो सरळ कार्डावर जातो.

दुसरी अडचण खरखरीची, आणि ही मात्र पाइपवायरच्या रचनेतूनच येते. एका चक्रात एकदम हाताळली जाणारी सॅम्पल म्हणजे क्वांटम; मूळ क्वांटम १०२४ सॅम्पल. ४८,००० हर्ट्झला म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. रेकॉर्डिंगच्या एखाद्या प्रोग्रामने ६४ मागितले की त्या कार्डावरचे सगळेच १.३ मिलिसेकंदाच्या चक्रात ओढले जातात, कारण सर्वात कमी मागणाऱ्याचं ऐकलं जातं. मग बिचारा व्हिडिओ तडतडतो. पाइपवायरमधले चालू प्रोग्राम दाखवणारा ‘पीडब्ल्यू-टॉप’ उघडा: ‘क्वांट’ रकान्यात किती आहे आणि ‘ईआरआर’चा (चुकांचा) आकडा कोणासमोर वाढतोय ते लगेच कळतं. तात्पुरता उपाय म्हणून ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’ने फोर्स-क्वांटम ५१२ करा, शून्य दिलं की पूर्ववत. कायमसाठी कॉन्फिगमध्ये मिन-क्वांटम २५६ ठेवला तर बहुतेक मशीनना झेपतो.

आवाज फाटत असेल तर क्वांटमला हात लावू नका. दोन पूर्ण पातळीचे आवाज एकत्र आले की शिखरं ६ डेसिबलपर्यंत वर जातात आणि कार्डाकडे जाताना छाटली जातात. पाव्हूकंट्रोल या आवाज कमी-जास्त करायच्या प्रोग्राममध्ये दोन्ही प्रोग्राम ८० टक्क्यांवर आणा. तिथली पट्टी घनाच्या हिशेबाने चालते, त्यामुळे ८० टक्के म्हणजे जवळपास उणे ६ डेसिबल.

ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की प्रोफाइल, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत, बदलतं आणि मागची गाणीही टेलिफोनसारखी ऐकू येतात. माइक लॅपटॉपचा निवडा, हेडसेट फक्त ऐकायला ठेवा. हे आपोआप बदलणं, म्हणजे ऑटोस्विच, वायरप्लंबरच्या सेटिंगमधून बंदही करता येतं, मात्र त्याच्या आवृत्ती ०.५ पासून सेटिंगच्या जुन्या लुआ भाषेतल्या फायली वाचल्याच जात नाहीत. जुन्या आवृत्तीतले बदल अपग्रेडनंतर गायब झाले असतील तर ते नव्या पद्धतीच्या कॉन्फ फायलीत पुन्हा लिहावे लागतात.