टर्बो ‘बदलला’, बूस्ट मात्र परत आला नाही

गेल्या पावसाळ्यात मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटात माझ्या डिझेल गाडीचा पिकअप एकाएकी गेला. दोन हजार आरपीएमनंतर जिथे गाडी जोर धरायची, तिथे बॉनेटखालून फुसफुस ऐकू येऊ लागली आणि मागे काळा धूर सुटला. ईसीयू (इंजिनाचा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्याचे ट्यूनिंग बदलून, मी टर्बोचा (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचा) बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, १ बारवरून १.३ बारपर्यंत वाढवून घेतला होता. अशी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी नाशिकमधल्या अंबडच्या एका खासगी गॅरेजमध्ये गेलो.

स्कॅनरवर पी०२९९ हा कोड आला. ईसीयूने मागितला तेवढा दाब मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो का मिळत नाही, हे कोड सांगत नाही. गॅरेजमालकाने मात्र तेवढ्यावरच टर्बो गेल्याचे सांगितले, इनटेक पाइप काढून आतले तेल बोटाला लावून दाखवले आणि टर्बोचा शाफ्ट (पाती बसवलेला दांडा) चिमटीत धरून आडवा हलवत म्हणाला, “दादा, प्ले बघा किती आहे. पाती तुटून इंजिनात गेली तर खर्च लाखात जाईल.” मी घाबरलो. नवा टर्बो बसवून घेण्यासाठी ५,००० रुपये यूपीआयने आगाऊ आणि उरलेले ३७,००० रोख दिले. हातात कच्ची पावती पडली.

त्याने दाखवलेल्या दोन्ही गोष्टी धडधाकट टर्बोतही आढळतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. इंजिनाच्या ब्रीदरमधून येणाऱ्या वाफेमुळे इनटेक पाइपात तेलाचा हलका थर साचतोच. शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरत असल्याने इंजिन बंद असताना तो आडवा किंचित हलतो. पाहायचे असते ते शाफ्ट आत-बाहेर सरकतो का आणि पात्यांची टोके हाउसिंगला घासली आहेत का. त्याने यातले काहीही तपासले नाही, आणि मीही विचारले नाही.

आठवडाभरात घाटातला तोच प्रकार पुन्हा सुरू झाला. आता दोष रीमॅपचा आहे, नवीन ट्यूनिंगचे १२,००० लागतील, असे त्याने सांगितले, तेव्हा मला शंका आली.

सातपूरच्या एका वयस्कर मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरचे (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचे) रीडिंग घेतले. ते ९४ किलोपास्कल होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथल्या हवेचा दाब तेवढाच असतो. म्हणजे सेन्सर ठीक होता. रस्त्यावर पूर्ण भार देऊन पाहिले, तर बाहेरच्या हवेचा दाब धरून मागणी २३० किलोपास्कलची आणि प्रत्यक्षात मिळत होते १५०. मग त्यांनी टर्बोचे तोंड बुचाने बंद करून कॉम्प्रेसरने एक बार दाबाची हवा भरली आणि साबणाचे पाणी फवारत गेले. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) खालच्या होजवर, म्हणजे नळीवर, ब्रॅकेटला घासत असलेल्या जागी, नखाएवढ्या चिरेतून फेसाचा गोळा फुगून वर आला. हवा सोडताच चीर मिटली आणि बोट फिरवूनही लागेना. दाब न भरता ती कोणालाही सापडली नसती. होज आणि मजबूत क्लॅम्प मिळून २,१०० रुपये लागले आणि गाडी पूर्ववत झाली. गळणारी हवा भरून काढण्यासाठी टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतो, त्यामुळे असेच आणखी काही महिने चालवले असते तर तो खरोखरच निकामी झाला असता, असेही मिस्त्रींनी सांगितले.

खरी फसवणूक त्यानंतर उघड झाली. रीमॅपच्या वेळी मी टर्बोच्या पट्टीवरील अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवला होता. ‘नव्या’ टर्बोवर तोच अनुक्रमांक होता. माझाच टर्बो धुऊन, चकचकीत करून परत बसवला होता.

त्यामुळे बूस्ट गेल्यावर कोणी थेट टर्बो बदलायला सांगितले, तर आधी आपल्यासमोर दाब भरून गळती तपासायला लावा, टर्बोच्या अनुक्रमांकाचा फोटो आधी आणि नंतर काढा, जुना टर्बो ताब्यात घ्या आणि पक्क्या बिलाशिवाय रोख रक्कम देऊ नका.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल केली असून यूपीआयची नोंद, कच्ची पावती आणि अनुक्रमांकाचे दोन्ही फोटो सोबत जोडले आहेत. चिरलेला होज मी पिशवीत बांधून जपून ठेवला आहे.