रेडिमेड क्रॉसकट स्लेड घेतला, ४२०० गेले, स्टॉप तेवढा भारी

टेबल सॉवर आडवे काप मारायला ऑनलाइन रेडिमेड स्लेड मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगं वाद नको. स्लेड म्हणजे काय तर मशीनच्या टेबलावरच्या खाचांत सरकणारा पाट, लाकूड त्याच्या फेन्सला (पाटावरच्या आडव्या उभ्या पट्टीला) टेकवायचं आणि पाटासकट ढकलायचं, आणि पाटाला ब्लेडनंच चीर पाडलेली असल्यानं खालून टेका मिळतो न् प्लायच्या चिपळ्या कमी उडतात.

पहिला घोळ माझाच. याचे रनर (खाचेत सरकणाऱ्या पाटाखालच्या पट्ट्या) पाऊण इंची खाचेचे, म्हणजे १९ एमएम, आणि माझ्या छोट्या मशीनच्या खाचा त्याहून बारीक, मोजून मागवायला पाहिजे होतं. मग अक्कलकोट रोड एमआयडीसीत मित्राच्या वर्कशॉपला घेऊन गेलो तर तो म्हणतो, "का बे, पोळपाट आणलास का?"

गुण्या लावून बघितला तर बरोबर वाटतो. पण पाच कापांची टेस्ट घेतली. प्लायचा चौकोनी तुकडा फिरवत फिरवत चारी बाजू कापायच्या, दरवेळी नुकतीच कापलेली बाजू फेन्सला, पाचव्यांदा परत पहिली बाजू आणि त्यातनं निघालेल्या पट्टीची दोन्ही टोकं कॅलिपरनं मोजायची, चूक चौपट होऊन दिसते. ३०० एमएमची पट्टी, एका टोकाला २५.८, दुसऱ्याला २४.६. फरक १.२, भागिले चार, म्हणजे ३०० ला ०.३ एमएम तिरकं. शेल्फच्या फळीला कुणी बघत नाही हो, पण ड्रॉवर जोडला की शेवटच्या कोपऱ्यात फट येतेच. फेन्स खालनं चिकटवून स्क्रू मारून आलेली, हलवायला जागाच नाही. सेलरला फोटो पाठवले तर म्हणे, "एवढं चालतं सर."

शेवटी घरीच केला. १२ एमएम प्लाय, फेन्सला १८ च्या दोन पट्ट्या एकावर एक चिकटवून, रनर सागवानाचे. माझा तर पहिल्या फटक्यात त्याहून वाकडा! फरक २, म्हणजे ३०० ला अर्धा एमएम. पण मी फेन्सच्या एका टोकाला एकच स्क्रू मारला होता, दुसरं टोक क्लॅम्पवर. स्क्रूपासून ४५० एमएमवर ०.७५ सरकवायचं होतं, गॅरेजवाल्याकडनं फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्त्यांचा जुडगा) मागून आणला, तेवढी पत्ती घालून टोक सरकवलं, परत टेस्ट, तिसऱ्या वेळी फरक ०.१ वर आला, मग सगळे स्क्रू आवळले. जुलैत रनर फुगून अडकले ते पॉलिश पेपरनं घासून मेणबत्ती चोळली, आता मख्खन. सगळा खर्च हजाराच्या आत.

रेडिमेडचा स्टॉप (लाकडाचं टोक टेकवायचा फेन्सवरचा अडसर) मात्र खरंच चांगलाय, एका मापाचे चाळीस तुकडे मारले, एकही लहानमोठा नाही, तो काढून माझ्या फेन्सला लावलाय. त्याचे दोन स्टार.

तिसरा देणार होतो, पण आपल्या पोटाकडच्या फेन्समागं जिथनं ब्लेड बाहेर येतं तिथं यांनी साधा ठोकळासुद्धा दिलेला नाही, आणि ढकलताना अंगठा नेमका तिथंच जातो. मी तीन इंची ठोकळा लावून लाल रंगवलाय.