हप्ता बिल्डर भरेल, या बोलीवर मी दोन फ्लॅट घेतले

परवा पुतण्या एका नव्या प्रकल्पाचं माहितीपत्रक घेऊन आला. "काका, पझेशनपर्यंत हप्ता नाही, बिल्डरच भरतो." हेच वाक्य मी 2018 साली हिंजवडीजवळच्या एका साइट ऑफिसात ऐकलं होतं. तेव्हापासून काय काय झालं ते त्याला सांगितलं, तेच इथे लिहितोय.

चिंचवडच्या राहत्या घराचं कर्ज फिटत आलं होतं. एजंटाने कॅल्क्युलेटरवर हिशोब मांडून दाखवला. राहत्या घरावर टॉप-अप, म्हणजे आधीच्या कर्जावर वाढीव कर्ज, काढा, त्यातून दोन फ्लॅटचे स्वतःचे पैसे भरा, बाकीचं गृहकर्ज. तीन वर्षांनी ताबा मिळाला की एक विका, दुसऱ्याचं कर्ज फेडा, त्याच्या भाड्यावर तिसरा बघा. फ्लॅट 45 लाखांचा एक. प्रत्येकी 9 लाख, म्हणजे 18 लाख माझे. त्यातले 12 टॉप-अपचे आणि 6 लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवी मोडून. बायकोने तेव्हाच विचारलं होतं, "बिल्डर आपला हप्ता का भरेल?" मला उत्तर देता आलं नाही, तरी मी पुढे गेलो.

सह्यांच्या दिवशी कागदांचा गठ्ठा समोर आला. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने आधीच फुल्ल्या मारलेल्या होत्या. त्यातच कर्जाची रक्कम थेट बिल्डरला द्यावी असं माझ्या नावाचं विनंतीपत्र होतं, आणि मी, बिल्डर व गृहकर्ज कंपनी यांच्यातला त्रिपक्षीय करार. त्यात इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की बिल्डरने व्याज भरलं नाही, काम रखडलं किंवा प्रकल्प रद्द झाला, तरी परतफेडीची जबाबदारी कर्जदाराचीच. मी ते वाचलं दोन वर्षांनी.

कंपनीने प्रत्येक फ्लॅटमागे 27 लाख बिल्डरला दिले. माझे 9 धरून 36 लाख, म्हणजे किमतीच्या 80 टक्के. तेव्हा जागेवर जोत्याचं कामही पुरं नव्हतं! महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. त्याच्या नमुना करारनाम्यात जोतं पूर्ण झाल्यावरही एकूण 45 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. बांधकामाच्या टप्प्यांनुसारच पैसे सोडा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सप्टेंबर 2013 मध्येच बजावलं होतं. राष्ट्रीय आवास बँकेने जुलै 2019 मध्ये गृहकर्ज कंपन्यांना अशा योजना टाळायला सांगितलं, तोवर माझ्या सह्या होऊन गेल्या होत्या. बिल्डर देत होता ते व्याज माझ्याच नावावर उचललेल्या पैशातून, एवढं साधं गणित माझ्या ध्यानात आलं नाही.

चौदा महिने व्याज वेळेवर गेलं. मग एका सकाळी मेसेज आला, "आपले व्याज थकले आहे." दोन्ही फ्लॅटचे मिळून 38,250 रुपये, वर टॉप-अपचे पंधरा हजार. पगार 82 हजार. बिल्डरचा माणूस "पुढच्या आठवड्यात" म्हणत राहिला, नंतर फोन घेणंच बंद. साइटवर गेलो तर पहिल्या स्लॅबच्या वर आलेल्या सळ्या गंजून लाल झालेल्या, आणि वॉचमनचं कुटुंब तिथे धुणं वाळत घालत होतं.

तीन महिने थकले तेवढ्यात सिबिल, म्हणजे कर्ज देताना बघतात तो पतगुणांक, 780 वरून 640 वर आला. लेकीच्या शैक्षणिक कर्जाला मी सहकर्जदार होतो, तो अर्ज परत आला. त्या दिवशी ती माझ्याशी काही बोलली नाही, नुसती कागद आवरत बसली. मला आजही सगळ्यात जास्त तेच सलतं.

रेरा कायद्याच्या कलम 18 खाली तक्रार केली, सव्याज परतफेडीचा आदेश माझ्या बाजूने लागला, वसुली वॉरंटही निघालं. पण बिल्डरच्या खात्यात काही नाही आणि जमीन आधीच दुसरीकडे गहाण. हे गहाण महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर दिसत होतं. बुकिंगआधी मी तिथे पाहिलंच नव्हतं.

दिल्लीकडच्या अशाच योजनांची सीबीआय चौकशी सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये लावली. तिथेही हजारो कुटुंबं घराशिवाय हप्ते भरत होती.

पुतण्याला मी महारेराच्या पानावर गहाण आणि खटले बघायला बसवलं. टोकन देण्याआधी त्रिपक्षीय कराराचा मसुदा घरी माग, असं सांगितलं. 10 टक्क्यांच्या वर रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय मागता येत नाही, हेही दाखवलं. एजंट म्हणाला, मसुदा ऑफिसातच वाचायला मिळेल, बाहेर देत नाही. पुतण्याने चेकबुक परत बॅगेत टाकलं.