फर्ग्युसन प्रकरण: कोणाची पद्धत योग्य, मॅककलॉक की बेल?

2014 मध्ये अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसनमध्ये गोऱ्या पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राउन हा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण मारला गेला. काउंटीचे सरकारी वकील बॉब मॅककलॉक यांचे वडीलही पोलीस, ड्युटीवर असताना मारले गेलेले. तरी या प्रकरणातून बाजूला व्हायची मागणी त्यांनी फेटाळली आणि निर्णय ग्रँड ज्युरीवर (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळावर) सोपवला, तोही शिफारस न करता. ज्युरीने आरोप ठेवला नाही, त्यामुळे खटला झाला नाही. मला ही जबाबदारी झटकणंच वाटतं.

2018 मध्ये या पदाच्या निवडणुकीत त्यांना हरवणाऱ्या वेस्ली बेल यांनी प्रकरण पुन्हा तपासलं. 2020 मध्ये निष्कर्ष तोच: पुरावा अपुरा. ब्राउन कुटुंबाच्या पदरी पुन्हा निराशा. पण बेल यांनी निर्णय स्वतःच्या नावावर घेतला. यामुळे पोलीस निर्दोष ठरत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. माझं मत बेल यांच्या पद्धतीला.