कॉन्स्ट काढायचाच आहे, तर कशाने? कॉन्स्ट_कास्ट, म्यूटेबल की सरळ कॉपी

सी++ लिहिणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते, हातात कॉन्स्ट पॉइंटर आहे (म्हणजे त्यातून डेटा वाचता येतो, बदलता येत नाही), समोरच्या फंक्शनला नॉन-कॉन्स्ट हवाय, कंपायलर अडून बसलाय आणि संध्याकाळी रिलीज आहे. मग बरेच जण कंसात टाइप लिहून सी-स्टाइल कास्ट मारतात, म्हणजे टाइप जबरदस्तीने बदलतात, आणि मोकळे होतात. माझ्या मते हा सगळ्यात वाईट पर्याय. तो कॉन्स्ट काढतोच, पण टाइप चुकला असेल तर तेही गपचूप गिळतो, उद्या कोणी मूळ टाइप बदलला तरी कंपायलर हूं की चूं करणार नाही. कॉन्स्ट_कास्ट, म्हणजे सी++चा खास कॉन्स्ट काढायचा कास्ट, निदान कॉन्स्ट आणि व्होलाटाइल सोडून कशाला हात लावत नाही, आणि ग्रेप मारला, म्हणजे कोडमध्ये शब्द शोधला, की लगेच सापडतो. सी-स्टाइलवाला शोधायला जीसीसी कंपायलरची कास्ट-क्वाल वॉर्निंग वेगळी चालू करावी लागते, 'ऑल' आणि 'एक्स्ट्रा' हे वॉर्निंगचे गट लावूनही ती येत नाही.

पण कॉन्स्ट_कास्ट कंपाइल झाला म्हणजे सुटलो असं नाही हं. मूळ ऑब्जेक्ट कॉन्स्ट नसेल, फक्त वाटेत कोणीतरी कॉन्स्ट रेफरन्स करून दिला असेल, तर लिहिलंत तरी चालतं. मूळच कॉन्स्ट असेल तर नुसतं वाचणं ठीक, लिहिलंत की अनडिफाइन्ड बिहेव्हियर, म्हणजे पुढे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही. करून बघा: फंक्शनमध्ये कॉन्स्ट इंट लिमिट १० घ्या, कास्ट करून पॉइंटरने २० टाका आणि दोन्ही प्रिंट करा. बऱ्याचदा लिमिट १० दाखवतं आणि पॉइंटर २०, पत्ता मात्र एकच! कंपायलरने लिमिटच्या जागी आधीच १० चिकटवलेलं असतं. तोच प्रकार ग्लोबल कॉन्स्टवर केलात तर लिनक्सवर बहुधा थेट सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळतो, कारण तो रीड-ओन्ली मेमरीत बसलेला असतो.

आता आपल्याच क्लासच्या कॉन्स्ट मेथडमध्ये (जी ऑब्जेक्ट बदलणार नाही असं वचन देते) कॅश भरायचीय, बिलाची टोटल एकदा काढून ठेवायचीय असं समजा, तर धिसवर, म्हणजे चालू ऑब्जेक्टच्या पॉइंटरवर, कॉन्स्ट_कास्ट मारायचा विचारही करू नका, त्या मेंबरला म्यूटेबल लावा, म्हणजे तो कॉन्स्टमध्येही बदलता येतो. बिल कॉन्स्ट म्हणून डिक्लेअर केलेलं असलं तरी म्यूटेबल मेंबर बदलणं कायदेशीर आहे, कास्टने तेच केलंत तर वरचा लिमिटवाला घोळ. एकच गोम, सी++११ पासून स्टँडर्ड लायब्ररी कॉन्स्ट मेथड दोन थ्रेडनी एकदम बोलावली तरी सुरक्षित असणार हे धरून चालते, त्यामुळे कॅशसोबत म्यूटेक्सही (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) हवा, आणि तोही म्यूटेबल.

तिसरा पर्याय, फंक्शनला मूळ डेटाऐवजी त्याची कॉपी देणं, याला लोक उगाच घाबरतात. पन्नास अक्षरांची स्ट्रिंग दिवसातून चारदा कॉपी झाली तर कोणाचं काय जातं? फंक्शन आत लिहितं की नाही हे माहीत नसेल तर कॉपीच करा. आणि स्ट्रिंग मुळात नॉन-कॉन्स्ट असेल तर सी++१७ पासून तिचं डेटा फंक्शन नॉन-कॉन्स्ट पॉइंटरच देतं, कास्टची गरजच नाही.

फंक्शन आपलंच असेल तर अर्थात सिग्नेचर (फंक्शन काय घेतं ती ओळ) दुरुस्त करा, जरी एका जागी कॉन्स्ट लावला की तो पुढच्या दहा फायली मागत सुटतो.

मी स्वतः कॉन्स्ट_कास्ट एकाच जागी ठेवलाय. लेबल प्रिंटरची एक जुनी सी लायब्ररी आहे, मजकूर फक्त वाचते पण कॉन्स्ट लिहायचं राहून गेलंय, सोर्स उघडून खात्री केली, कास्ट आत लपवणारं तीन ओळींचं फंक्शन (रॅपर) केलं आणि वर कॉमेंट टाकली की व्हर्जन बदललं तर आत परत बघा.