पोरीच्या आधी आम्हा दोघांना बसवून समजावलं

आम्ही परभणीचे. मुलगी मेकॅनिकल करून मागच्या ऑक्टोबरात जर्मनीला एमएसला गेली, तिचं सगळं काम संभाजीनगरला निराला बाजारातल्या ह्या परदेशी शिक्षणाला पाठवणाऱ्या ऑफिसातून झालं म्हणून लिहितेय. पोरीनं सगळं नेटवर वाचलेलं होतं, झोप उडाली होती ती आमची. घरात पुण्याच्या पलीकडं कुणी गेलेलं नाही आणि सासूबाई रोज विचारायच्या, लेकरू आजारी पडलं तर तिथं पाणी कोण देईल.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, तिथं आम्हाला बाहेर सोफ्यावर बसवलं, पोरीला आत नेलं आणि अर्ध्या तासात पन्नास हजार अॅडव्हान्स मागितला. इथं मॅडम म्हणल्या, काका-काकू, आधी तुमचे प्रश्न. ह्यांनी खिशातून वहीचं पान काढलं, अठरा प्रश्न होते, मॅडमनी एकेकावर टिक करत दीड तास उत्तरं दिली.

ह्यांना मोठी धास्ती ब्लॉक अकाउंटची, म्हणजे व्हिसासाठी पोरीच्या नावानं आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्याची. 11,904 युरो म्हणजे दहा लाखांच्या वर, ह्यांना वाटलं ही फीच, गेले पैसे. मॅडमनी त्याच पानावर बारानं भागून दाखवलं, 992 युरो, दर महिन्याला पोरीच्याच हातात येणार, भाड्याला आणि किराण्याला. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही पण बाडेन-वुर्टेमबर्गला बाहेरच्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात हेही आधीच सांगितलं. आणि पार्ट टाइमच्या भरवशावर कर्ज काढू नका, वर्षाला 140 पूर्ण दिवसच काम करता येतं, असं तोंडावर बोलल्या. मला ते फार आवडलं.

मला धीर आला तो व्हिडिओ कॉलनं. त्यांच्याकडूनच गेलेली जालन्याची एक मुलगी जोडून दिली. तिनं होस्टेलचं किचन दाखवलं, फ्रिजमधला स्वतःचा कप्पा, डब्यात ज्वारीचं पीठ, मोबाइलच्या कव्हरमागं ठेवलेलं हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड. मी तिला सासूबाईंचाच प्रश्न विचारला. म्हणली, काकू, थंडीत ताप आला तेव्हा शेजारच्या रूममधल्या नाशिकच्या मुलीनं तीन दिवस वरण-भात करून दिला. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या रडल्या, पण त्या दिवसापासून परत विचारलं नाही.

सामानाचंही नीट सांगितलं, तूप-पेढे नको कारण बाहेरून दुधाचे पदार्थ तिकडं नेऊ देत नाहीत, कारळाची चटणी चालते. अँब्युलन्सला तिथंही 112 आणि पोलिसांना 110. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार, म्हणून फोनची एकच वेळ ठरवा म्हणल्या. आम्ही रात्री साडेनऊ ठरवली, तिकडं तेव्हा पाच-सहा वाजलेले असतात, पोरगी कॉलेजातून आलेली असते.

एक तक्रार आहे. एपीएस सर्टिफिकेटला, म्हणजे पोरीची शिक्षणाची कागदपत्रं तपासून जर्मनीसाठी मिळतं त्या दाखल्याला, त्यांनी महिना सांगितला होता, आम्हाला बराच जास्त लागला आणि त्या काळात ऑफिसातून स्वतःहून एकही फोन आला नाही, शनिवारी तर उचलतच नाहीत. उशीर तुमच्या हातात नसेल, पण दोन ओळींचा मेसेज टाकायला काय हरकत होती, त्या दिवसांत ह्यांचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. पार्किंगही नाही, आम्ही रेल्वेनं गेलो म्हणून चाललं.

तरी चार स्टार. जाणार असाल तर आई-वडील दोघंही जा, प्रश्न लिहून न्या आणि व्हिडिओ कॉल स्वतः मागून घ्या, सगळ्यांना आपणहून लावून देत नाहीत.