रीफ टँकचा एलईडी दिवा: दारव्हा तालुक्यात चौदा महिने वापरल्यावर

रीफ टँक म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी. माझी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी साधारण १९० लिटर. वर काळ्या पेटीचे दोन एलईडी दिवे टांगलेत, पाण्यापासून दहा इंचांवर. एक पेटी जेमतेम दोन फुटांवर नीट उजेड टाकते, म्हणून तीन फुटांच्या टाकीला दोन घ्यावेच लागले. मागच्या वर्षी ऑक्टोबरात लावले, आता डिसेंबर चालू आहे. एक साडेअकरा हजारांना पडला. नाव लिहीत नाही, कारण हीच पेटी बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळते.

खोक्यावर १६५ वॅट छापलंय. आत ५५ एलईडी, प्रत्येकी ३ वॅटचा, म्हणून १६५. पण तो एलईडी पूर्ण ताकदीने चालवतच नाहीत. प्लगमध्ये मीटर लावून बघितलं तर निळा आणि पांढरा दोन्ही रंग पूर्ण उघडूनही एक दिवा ११० वॅटच्या आसपास खेचतो. आमच्या टाकीला तेही जास्त होतं, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण आकडा वाचून घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

आजीने पहिल्याच दिवशी विचारलं, "मासोयाइले एवढा उजेड कायले पायजे?" तिचं बरोबर होतं, माशांना नकोच. आमच्या क्लाउनफिशच्या जोडीला साधी ट्यूब पुरली असती. उजेड लागतो तो प्रवाळाला. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळ त्यावर जगतं. समुद्रात खोलीवर पोचतो तो मुख्यतः निळा प्रकाश, म्हणून ४२० ते ४८० नॅनोमीटरचा निळा पट्टा सगळ्यात कामाचा. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रपंखेही आहेत. ते कोणी कितीही स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका. माझ्याकडे मशरूम, झोअँथिड आणि एक लेदर कोरल आहे. अशा मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार उजेड पुरतो (पार म्हणजे शैवालाच्या कामी येणाऱ्या उजेडाचं माप).

हे माहीत असूनही मी पहिल्या महिन्यात चुकलो. टाकी झगमगीत दिसावी म्हणून पांढरा ८० टक्क्यांवर ठेवला. मोबाइलच्या लक्स ॲपवर आकडा कमी दिसत होता, म्हणून आणखी वाढवला. लक्स मोजतं माणसाच्या डोळ्याला जाणवणारा उजेड, आणि आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला जास्त दाद देतो. निळा कितीही असला तरी लक्समध्ये तो थोडाच दिसतो. परिणाम असा की मशरूम आक्रसून फिके पडले, झोअँथिड मिटून बसले आणि दगडांवर आधी तपकिरी थर, मग हिरवं केसाळ शेवाळ आलं. सगळं खाली आणलं, निळा ३० आणि पांढरा ५. मग आठवड्याला पाच टक्के निळा चढवत गेलो. आता निळा ६०, पांढरा १५, रोज आठ तास. दोन्ही दिवे मिळून ९५ वॅट खातात, म्हणजे महिन्याला तेवीस युनिटांच्या आसपास. उजेड कमी पडला तर झोअँथिड मान लांब करून वर येतात, हेही तेव्हाच शिकलो. आता ॲप उघडत नाही, मशरूमच्या कडा बघतो.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेर ४५, खोलीत दुपारी ३८. टाकी २६ वर असायला हवी, ती चार वाजता ३१ दाखवू लागली. नुसत्या गरमीपेक्षा गरमी आणि कडक उजेड एकत्र आले की जास्त नुकसान होतं. तापलेल्या प्रवाळातल्या शैवालाचं काम बिघडतं आणि प्रवाळ त्याला अंगाबाहेर टाकतं. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८ आणि २०१६ ला पांढरे पडले ते समुद्र तापल्यामुळेच. म्हणून निळा ४० वर आणला, पांढरा बंद केला आणि दिव्याची वेळ संध्याकाळी सहा ते रात्री एक केली. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे तीन अंश सहज उतरले. पाणी मात्र रोज चार लिटर उडायचं. भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याचीच, कारण मीठ उडत नाही. आमच्या बोअरचं पाणी फार जड आहे, ते मी एकदाही टाकलं नाही. एकही प्रवाळ गेलं नाही. याच जागी २५० वॅटचा मेटल हॅलाइड, म्हणजे जुन्या पद्धतीचा फार तापणारा दिवा, असता तर टाकी वाचली नसती असं मला ठामपणे वाटतं.

लाइनचा त्रास वेगळाच. जानेवारीत हरभऱ्याला ओलीत चालू होतं. डीपीवरचे पंप एकदम बंद झाले की व्होल्टेज उसळतं. एका रात्री मीटरवर २६५ बघितले आणि सकाळी डावा दिवा मेला. विकणाऱ्याने व्होल्टेजचं कारण सांगून हात वर केले, आणि हे मला अजूनही खुपतं. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने उघडल्यावर कळलं की एलईडी शाबूत आहेत, फक्त ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना ठराविक करंट पुरवणारा भाग, जळालाय. तेवढ्याच करंटचा ड्रायव्हर मागवून त्यानेच बसवला. दिवा घेताना मी आता पहिल्यांदा हेच बघेन: स्क्रू काढून ड्रायव्हर बदलता येतो का. त्या दिवसापासून दोन्ही दिवे स्टॅबिलायझरवर आहेत.

इन्व्हर्टरवर दिवे घेतलेच नाहीत. प्रवाळ एखाद-दोन दिवस अंधारात काढतं, पण पाणी हललं नाही तर मासे काही तासांत गुदमरतात. म्हणून इन्व्हर्टर फक्त पाणी फिरवणाऱ्या पंपाला. लाइनवर फिरणाऱ्या तबकडीचा टायमर लाइन गेली की मागे पडतो, आत बॅटरी असलेला डिजिटल टायमरच घ्या. निळ्याची आणि पांढऱ्याची वायर वेगळी असल्याने दोन टायमर लागतात. निळा अर्धा तास आधी लागतो, त्यामुळे मासे दचकत नाहीत.

पावसाळ्यात निळ्या उजेडावर किडे तुटून पडतात. मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली. वेचणीच्या दिवसांत घरात कापूस असतो, त्याचे तंतू दिव्याच्या पंख्यात अडकतात. पंधरा दिवसांनी ब्रश मारावा लागतो, आणि भिंगांवर बसलेलं मीठ आरओ पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसतो. झोअँथिडला हात लावण्याआधी हातमोजे घालतो, काही जातींत जहाल विष असतं आणि घरात लहान मुलं आहेत.

पंख्याचा आवाज रात्री जाणवतो, उजव्या दिव्याचा तर आता घरघरायला लागलाय. नवा पंखा आणि एक जास्तीचा ड्रायव्हर मागवून ठेवलाय, मार्च लागण्याआधी पंखा बदलून घेतो.